चौकटीतलं गवत: सीग्रासच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ओहोटी पूर्ण लागली होती. घोट्याएवढ्या पाण्यात मी आणि माझी एक सहकारी, आम्ही दोघी सीग्रास, म्हणजे समुद्री गवत, मोजायच्या एकाच चौकटीवर ओणव्या झालो होतो. मी म्हणाले, आच्छादन ६० टक्के, म्हणजे चौकटीचा तेवढा भाग गवताने झाकलेला. ती म्हणाली, ३५. ती या कामात माझ्या आठ वर्षं आधीपासून होती, तरी तिने वाद घातला नाही. तिने चौकटीतलं लोंबतं शेवाळ बोटांनी बाजूला केलं आणि मला चौकटीच्या बरोबर वर येऊन बघायला लावलं. मी शेवाळही गवतात धरलं होतं, आणि तिरकं बघितल्यामुळे मधली उघडी वाळू मला दिसतच नव्हती.

आधीच्या दोन दिवसांचे माझे सगळे कागद असेच भरलेले होते. वाचवलं ते फोटोंनी. प्रत्येक चौकटीचा सरळ वरून फोटो आणि त्यात जागेची पाटी, हा नियम मला तेव्हा जाच वाटायचा. संध्याकाळी किती टक्के आच्छादन कसं दिसतं हे दाखवणारी प्रमाणित चित्रं शेजारी ठेवून आम्ही सगळे फोटो पुन्हा वाचले. माझा जवळजवळ प्रत्येक आकडा १० ते २० टक्क्यांनी वर निघाला. हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या वर्षी माझ्या जागी नीट शिकलेलं कुणी आलं असतं, तर कागदावर कुरण घटलेलं दिसलं असतं आणि समुद्रात काहीच झालेलं नसतं.

सीग्रासला पुष्कळ जण शेवाळ समजतात. ही मुळं, खोड, पानं, फुलं आणि बिया असलेली सपुष्प वनस्पती आहे. तिचे पूर्वज जमिनीवरून पुन्हा समुद्रात गेले, आणि बहुतेक जातींचे परागकण आता पाण्यातूनच वाहतात. जगभरात जाती जेमतेम ६० ते ७०, त्यामुळे तुमच्या किनाऱ्यावरच्या जाती एका हंगामात ओळखता येतात. भिंग जवळ ठेवा आणि पानाचं टोक बघा. हॅलोड्युल युनिनर्व्हिसच्या टोकाला तीन दात असतात. सायमोडोसिया सेर्युलाटाचं टोक करवतीसारखं, तर सायमोडोसिया रोटुंडाटाचं गोल आणि गुळगुळीत. हॅलोफिला ओव्हालिसची छोटी लंबगोल पानं जोडीने येतात आणि त्यांवर आडव्या शिरा दिसतात. टोक झिजलेलं किंवा कुरतडलेलं असेल तर दुसरं पान शोधा, अंदाजाने नाव लिहू नका.

सीग्रास-वॉच हा उपक्रम १९९८ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये सुरू झाला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यासाठी त्याची पद्धत मला शिकायला सर्वांत चांगली वाटते. ५० मीटर लांबीच्या तीन टेप, एकमेकींपासून २५ मीटरवर समांतर. प्रत्येक टेपवर शून्यापासून दर ५ मीटरला ५० सेंटिमीटर बाजूची चौकट, म्हणजे एका जागेवर ३३ चौकटी. चौकट टेपच्या उजवीकडे ठेवायची आणि आपण डावीकडून चालायचं, नाहीतर जे मोजायचं तेच तुडवलं जातं. आधी फोटो. मग तळ कसा आहे ते बोटांनी चाचपायचं: चिखल, बारीक वाळू की शिंपल्यांचा चुरा. मग एकूण आच्छादन, त्यात कुठली जात किती, पानांची उंची, पानांवर चिकटून वाढलेल्या एपिफाइटचं प्रमाण, आणि मोकळं शेवाळ वेगळं. उंची मोजताना सर्वांत लांब २० टक्के पानं सोडून द्यायची.

चौकट रिकामी निघाली तर ती दोन पावलं सरकवून गवतावर ठेवायचा मोह हमखास होतो. करू नका. शून्य हाही आकडाच आहे, आणि कुरण आक्रसतं तेव्हा ते सर्वांत आधी याच शून्यांत दिसतं.

तारखा उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या ओहोटीला धरून ठरवा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी पुरेसं उतरत नाही. हातात फार तर दोन-तीन तास असतात. परतायची वेळ आधी ठरवा आणि चौकटी राहिल्या तरी ती पाळा. पाण्यातून पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच निघून जातं.

एका फेरीवरून निष्कर्ष काढू नका. गवत ऋतूनुसार दाट आणि विरळ होतं, म्हणून तुलना त्याच ऋतूची त्याच ऋतूशी. गवत खरंच घटत असेल तर मी आधी प्रकाश बघते. बहुतेक जातींना पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा साधारण दहावा हिस्सा तरी लागतो, काहींना त्याहून बराच जास्त. गाळ आला की पाणी गढूळ होतं. सांडपाणी आणि खतं आली की प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि पानांवरचे एपिफाइट माजतात. दोन्हींत गवत अंधारात पडतं. उष्णतेचा फटका वेगळा: २०१०-११च्या सागरी उष्णतेच्या लाटेत ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमधली कुरणं फार मोठ्या प्रमाणावर होरपळली. गवतात आखल्यासारखे नागमोडी मोकळे पट्टे दिसले तर मात्र घाबरू नका, तो डुगाँग या सीग्रास खाणाऱ्या सागरी सस्तन प्राण्याच्या चरण्याचा माग असू शकतो. तोही नोंदवा.

शिकायचं काय, हे अनेक जण विचारतात. वनस्पतिशास्त्र आणि संख्याशास्त्र, या क्रमाने. उपग्रहचित्रं आणि ड्रोन त्यानंतर. चित्रातला गडद डाग गवताचा की शेवाळाचा, हे ठरवायला शेवटी पाण्यात उतरलेलंच माणूस लागतं. २००९ साली जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा १८७९पासूनच्या ज्ञात क्षेत्रापैकी २९ टक्के सीग्रास गेल्याचं कळलं. ज्या किनाऱ्यांवर कुणी मोजलंच नव्हतं, तिथलं नुकसान त्या हिशेबात येऊच शकलं नाही. याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनारी उपसागरांतलं झोस्टेरा मरीना या जातीचं सीग्रास १९३०च्या दशकात रोग आणि वादळाने नाहीसं झालं होतं. तिथे ७ कोटींहून अधिक बिया पेरल्या गेल्या आणि ३,५०० हेक्टरांहून जास्त कुरण पुन्हा उभं राहिलं. तेही मोजलं म्हणूनच सांगता येतं.

माझ्या दुसऱ्या टेपवर ३५ मीटरच्या खुणेवरची एक चौकट आहे. गाळ आला त्या वर्षापासून सलग पाच फेऱ्या मी तिथे शून्य लिहिलं. सहाव्या फेरीला गुडघे टेकून पाटी ठेवताना वाळूतून वर आलेली दोन लंबगोल पानं दिसली, नखाएवढी. भिंगातून आडव्या शिरा मोजल्या, फोटो घेतला, आणि रकान्यात लिहिलं: हॅलोफिला ओव्हालिस, १ टक्क्याहून कमी.