प्रौढ साक्षरता वर्गाची सुरुवात गप्पांपासून करा

प्रौढांच्या वर्गात पहिल्याच दिवशी मुळाक्षरे गिरवायला लावू नयेत. ज्या माणसाने आयुष्यभर घर, शेत आणि व्यवहार सांभाळला, त्याला ते कमीपणाचे वाटू शकते. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधील आंजिकोस येथे सुमारे ३०० मजुरांना शिकवताना त्यांच्याच जगण्यातले शब्द निवडले होते. ही रीत मराठीत सहज जमते.

समजा, वर्गात बहुतेक शेतमजूर स्त्रिया आहेत. त्यांच्याशी मजुरीविषयी बोला: ती कोण ठरवते, पुरुषांना किती मिळते, मस्टरवर अंगठा उठवताना त्यावरचा आकडा कोणी वाचून दाखवतो का? चर्चा पुरेशी रंगली, की मगच ‘मजुरी’ हा शब्द फळ्यावर लिहावा, त्याचे म, जु, री असे तुकडे करावेत, प्रत्येक अक्षराची बाराखडी शेजारी मांडावी आणि दोघीदोघींना मिळून नवे शब्द जुळवायला सांगावे. रोज, जमा, मजूर, जिरे असे शब्द त्यांना स्वतःच सापडतात. जोडी लावताना थोडे वाचता येणारी आणि नवखी अशा दोघी एकत्र बसवाव्यात, मात्र खडू नवखीच्या हाती असावा.

शिक्षकाने या वेळी गप्प राहणे फार महत्त्वाचे असते, आणि तेच सर्वांत अवघड जाते. उत्तर सुचवण्याची घाई न करता थांबावे. शब्द चुकला, तर आधी जोडीदारणीला विचारावे.