कोकणातल्या कार्यक्रमासाठी फिंगरस्टाईल गिटार कशी तयार करावी

अंगठ्याने खर्जाच्या तारा आणि बाकीच्या बोटांनी चाल, अशी दोन्ही कामं एकाच गिटारवर करायची ती फिंगरस्टाईल. घरात ती छान ऐकू येते. गणपतीच्या मंडपात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, किंवा तारकर्ली-गुहागरकडे एखाद्या रिसॉर्टच्या अंगणात समुद्र गाजत असताना, ती तिसऱ्या रांगेलाही पोचत नाही. मग पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा), प्रीअँप (तो सिग्नल वाढवणारा) आणि स्पीकर लागतात. पण खरेदीची सुरुवात पेडलपासून (आवाजात फेरफार करणाऱ्या, पायाने चालवायच्या डब्यांपासून) करू नका. किनारपट्टीवर आवाज बिघडवतात ते दमट झालेलं लाकूड, फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारं घोंघावणं) आणि मंडपातली कामचलाऊ वीज. यातलं काहीही पेडलने सुटत नाही.

आधी लाकूड

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती बरेचदा ८० च्या वर असते, आणि गणेशोत्सव नेमका त्याच दिवसांत येतो. लाकूड ओलावा पितं, ब्रिजच्या (तारा खोक्यावर जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) मागची फळी फुगून वर येते, तारा उंच होतात, दाबायला जोर लागतो आणि आवाज बोदा होतो.

पेटीत (कापडी पिशवीत नव्हे, कडक पेटीत) एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. स्वस्त मापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून तो आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घाला. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळायला नको. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ असायला हवा. ७० दिसला तर पुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवा.

ओलावा ओढायला सिलिका जेल पुरतं. एका पेटीला २०० ग्रॅमच्या आसपास, सुती पिशवीत बांधून. नारिंगी दाणे घ्या, निळ्यांत कोबाल्ट असतं. दाणे गडद हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास सुकवा, रंग परत येतो. आकडा ४० च्या खाली जाऊ लागला तर पिशवी बाहेर काढा. फार कोरडं लाकूड तडकतं.

आता तारांची उंची. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जिथे मान खोक्याला मिळते तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या फ्रेटवर जाड तारेखालची फट मोजा. ती ०.१५ ते ०.२५ मि.मी. असावी. मोजायला मोटार मेकॅनिककडची फीलर गेज चालते. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) एका वेळी पाव वळसाच फिरवा. मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर पाहा: जाड तारेखाली २.२ ते २.५ मि.मी., बारीक तारेखाली १.७ ते १.९. पावसाळ्यात हा आकडा वाढला म्हणून सॅडल (ब्रिजवरची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) घासून कमी करू नका. जानेवारीत फळी खाली बसते आणि त्याच तारा फ्रेटवर खरखरू लागतात. वर्षाला दोन सॅडल ठेवणं हा सोपा उपाय आहे, एक पावसाळ्याचं आणि एक एरवीचं.

सगळ्याच फळ्या अखंड लाकडाच्या असलेली गिटार सुंदर वाजते, पण इथे ती सांभाळायला मेहनत पडते. वरची फळी अखंड आणि बाजू-पाठ प्लायच्या, ही जोडी किनाऱ्यासाठी जास्त शहाणपणाची.

खाऱ्या हवेत साध्या ब्राँझच्या तारा लवकर काळवंडतात आणि मरतात. लेप दिलेल्या फॉस्फर ब्राँझच्या ०.०१२ ते ०.०५३ इंचाच्या तारा घ्या. महाग पडतात, पण टिकतात. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्याने वरून-खालून पुसा. फ्रेटबोर्डवर बुरशी दिसली तर आधी कोरड्या, मग किंचित ओल्या फडक्याने पुसा. आणि घरात कितीही असलं तरी खोबरेल तेल लावू नका. ते सुकत नाही, चिकट राहून धूळ धरतं.

पिकअप कोणता

सॅडलखालचा पिझो (तारांच्या दाबातून सिग्नल देणारी पट्टी) बहुतेक कारखानी गिटारींत आधीच असतो. जोरात वाजतो, फीडबॅकला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण आवाजात एक प्लॅस्टिकसारखी टणक किनार येते. त्याच्या तक्रारी ठरलेल्या असतात. एखादी तार दबलेली ऐकू येत असेल तर सॅडलचा तळ सपाट नाही किंवा त्याखाली कचरा अडकलाय. सॅडल काढा, काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तळ अगदी हलका घासा, खाच ब्रशने साफ करा.

फळीला आतून चिकटवायचे ट्रान्सड्यूसर (के अँड के प्युअर मिनी हे त्यातलं परिचित नाव, ब्रिजखाली तीन चकत्या) लाकडाचा खरा आवाज देतात, बॅटरी लागत नाही, फळीवर मारलेली थापही नीट पकडतात. मात्र मोठ्या आवाजात तेच आधी घोंघावतात. छोट्या सभागृहाला हे, उघड्या मंडपाला पिझो.

ध्वनिछिद्रात बसणारा चुंबकी पिकअप फीडबॅकला सगळ्यांत कणखर. तो तारांमधलं पोलादच ओळखतो, त्यामुळे नायलॉनच्या तारांवर अजिबात चालत नाही. दुसरी तार उघड्या पोलादाची असल्यामुळे ती बाकीच्यांवर चढते. स्क्रू असतील तर त्या तारेखालचा खाली घ्या. रोषणाईच्या माळा आणि डिमर जवळ असतील तर काही चुंबकी पिकअप गुणगुणतात.

गिटारच्या आत बसवलेला माईक मंडपात विसरून जा.

बॅटरीवरच्या पिकअपमध्ये जॅक खुपसला की बॅटरी चालू होते. म्हणून वाजवून झालं की जॅक काढून ठेवा. नवी ९ व्होल्टची अल्कलाईन बॅटरी मल्टिमीटरवर ९ च्या वर दाखवते. ८ च्या खाली गेली की कार्यक्रमाआधी बदला. बॅटरी उतरली की जोराच्या सुरांवर आवाज फाटतो आणि दोष स्पीकरला दिला जातो. पावसाळ्यात गिटार पडून राहणार असेल तर बॅटरी बाहेरच ठेवा, ती गळते.

जोडणी

क्रम असा: गिटार, ट्यूनर पेडल, प्रीअँप किंवा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणारा डबा), तिथून एक्सएलआर केबलने (माईकच्या तीन पिनांच्या केबलने) मिक्सर.

बॅटरी नसलेला पिझो किंवा ट्रान्सड्यूसर सरळ मिक्सरच्या लाईन इनपुटला लावला की खर्ज गायब होतो आणि आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. कारण तिथला इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) दहा-वीस किलोओहमच्या घरात असतो आणि पिझोला किमान १ मेगाओहम लागतो, १० असेल तर उत्तम. त्यामुळे अशा पिकअपला ॲक्टिव्ह (वीज लागणारा) डीआय घ्या आणि गिटारपासूनची केबल ५ मीटरच्या आत ठेवा. त्यापुढे एक्सएलआर कितीही लांब न्या. गिटारमध्ये स्वतःचा प्रीअँप असेल तर साधा पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) डीआयही पुरतो. विकत घेताना बॉक्सवर फेज बदलण्याचं (सिग्नल उलटा करणारं) बटण, ग्राउंड लिफ्ट (केबलची अर्थची जोडणी तोडणारं बटण) आणि फिरता नॉच फिल्टर (आवाजाचा एक अरुंद पट्टाच कापणारा) आहे का, एवढं बघा, एल. आर. बॅग्जच्या पॅरा डीआयसारख्या पेडलमध्ये नॉच मिळतो आणि ते मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवरही (मिक्सर केबलमधून पाठवतो त्या विजेवरही) चालतं. फँटम चालू-बंद करताना साऊंडवाल्याला फेडर (आवाजाची सरकती दांडी) खाली घ्यायला सांगा, नाहीतर स्पीकरमधून गोळी सुटल्यासारखा धडाका येतो.

चाळीस-पन्नास माणसांच्या खोलीला ६० वॉटचा अकूस्टिक अँप्लिफायर पुरेसा आहे. उघड्यावर मात्र पीए (मोठ्या स्पीकरांची ध्वनिव्यवस्था) लागतेच.

खारी हवा जॅकलाही खाते. खरखर आली की काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर फिरवा.

वीज

हे नीट वाचा, कारण इथे जीवाशी गाठ आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर तो शील्डिंगचा प्रश्न, चिंतेचं कारण नाही. पण गिटारच्या तारा धरून माईकला ओठ किंवा हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर तात्काळ सगळं बंद करायला सांगा. याचा अर्थ मंडपाला अर्थिंग नाही, किंवा गिटारचा अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेतायत. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या. सतत गुणगुण असेल तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. प्लगची अर्थची पिन मोडून किंवा टेप गुंडाळून गुणगुण घालवण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो जीव घेऊ शकतो.

केबल रोषणाईच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

फीडबॅक

गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झजवळ घुमते आणि फळी २०० च्या आसपास. स्पीकरचा आवाज तिथे शिरला की घोंघावणं सुरू होतं. पाहुणे यायच्या आधी दहा मिनिटं काढून हे करा:

१. ध्वनिछिद्रात रबरी झाकण बसवा. अर्धा प्रश्न इथेच मिटतो.
२. स्पीकर तुमच्या पुढे आहेत याची खात्री करा. मॉनिटर (वादकाला ऐकू यावा म्हणून ठेवलेला स्पीकर) समोरून तिरका ठेवा आणि गिटारची फळी त्याच्याकडे सरळ रोखू नका.
३. तारांवर हात ठेवून आवाज हळूहळू वाढवा, घोंघावणं सुरू होईपर्यंत.
४. फेजचं बटण दाबून पाहा. ज्या बाजूला कमी घोंघावतं तिथे सोडा.
५. उरलेलं घोंघावणं फोनवरच्या ट्यूनरला ऐकवा. जी म्हणजे ९८ हर्ट्झ, जी शार्प १०४, ए ११०, बी १२३. नॉच त्याच आकड्यावर आणा.
६. घोंघावणं सुरू होतं त्या पातळीपेक्षा थोडं खाली थांबा. मंडप भरला की माणसं आवाज शोषतात, पण वाढवायची घाई नको.

मग टोन. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये सर्वांत खालची ई ८२ हर्ट्झची, म्हणून ७५ ते ८० खालचं सगळं कापा. खालची तार डीपर्यंत उतरवली तर ती ७३ वर येते, तेव्हा कट ६० ते ६५ वर न्या. पिझोची टणक किनार १.५ ते ३ किलोहर्ट्झमध्ये दोन-चार डेसिबल कमी केली की बरीच मऊ होते. डिजिटल मिक्सरवर गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) लावताना हळू वाजवून दाखवू नका. फळीवरची सर्वांत जोराची थाप मारा आणि ती उणे १० डेसिबलच्या आसपास बसवा. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) अगदी थोडा. मंडप स्वतःच घुमत असेल तर शून्य.

काय वाजवायचं

इथे बहुतेक वादकांचा घोटाळा होतो: घरात जे सुंदर वाटतं ते घेऊन येतात. मंडळाचे छोटे स्पीकर आणि भोंगे १०० हर्ट्झखाली जवळजवळ काहीच देत नाहीत. तुमचा लाडका खालचा डी तिथे नुसता ठोका ऐकू येतो. अशा ठिकाणी अंगठ्याचं काम एका सप्तकाने वर, चौथ्या तारेवर घ्या आणि चाल पहिल्या दोन तारांवर ठेवा.

अभंग, भूपाळ्या, ओव्या यांच्यासाठी डी-ए-डी-जी-ए-डी ही जुळणी उत्तम. डीला षड्ज मानलं की उघड्या तारा सा-प-सा-म-प-सा लागतात, म्हणजे मागे तानपुरा आयताच. दुर्गा आणि वृंदावनी सारंगाला ती चपखल बसते, कारण दोन्हीत शुद्ध मध्यम आहे आणि गंधार नाही. भूपात मध्यम वर्ज्य, तेव्हा तिसरी तार अर्ध्या स्वराने खाली एफ शार्पला आणा: सा-प-सा-ग-प-सा. यमनालाही हीच, शुद्ध मध्यमाची उघडी तार तिथे खटकते. मालकंसात पंचमच नाही. पाचवी तार जीवर, दुसरी सीवर घेतली की सा-म-सा-म-नी(कोमल)-सा मिळतं.

एखादी चाल बसवताना आधी ती नुसती, खर्जाशिवाय, तालात वाजवा. मग फक्त समेवर आणि खालीवर अंगठा. केहरव्याच्या आठ मात्रांत पहिली आणि पाचवी, दादऱ्याच्या सहांत पहिली आणि चौथी, एवढाच अंगठा आठवडाभर पुरतो. मधल्या तारा सगळ्यात शेवटी भरा, आणि शक्य तिथे भरूच नका. मींड ०.०१२ च्या तारेवर पूर्ण स्वराची ओढायला जड जाते, म्हणून घसरत जाणारा स्लाईड वापरा.

कोळीगीतं आणि जाखडीच्या चाली ठेक्यावर चालतात. फळीवरची थाप तिथे खपते, पण पिझोवर ती नुसती "धप्प" येते. ट्रान्सड्यूसर असेल तरच वापरा. घुमट (मातीच्या घटाचं तालवाद्य) सोबतीला असेल तर खर्ज त्याला देऊन टाका आणि वरच्या तीन तारांत राहा. आरतीला झांजा सुरू झाल्या की गिटार खाली ठेवलेली बरी.

चाळीस मिनिटांसाठी दहा-अकरा चिजा भरपूर होतात. ट्यूनिंगप्रमाणे गट करा, सुरुवात स्टँडर्डने, मग उतरवलेल्या तारा. एसी हॉलमधून बाहेर अंगणात वाजवायचं असेल तर पेटी बाहेर नेऊन अर्धा तास बंदच ठेवा. थंड गिटार लगेच उघडली तर तारांवर आणि फळीवर दव धरतं आणि सूर हलत राहतो. लाऊडस्पीकरला सहसा रात्री १० ची मर्यादा असते, तेव्हा यादीतली लांब चीज शेवटी ठेवू नका.

दोन चिजा अशा ठेवा ज्या जवळच्या श्रोत्यांसाठी स्पीकरशिवायही चालतील, वरच्या तारांवरच्या आणि ठसठशीत चालीच्या. वीज गेली की त्या वाजवा, आणि साऊंडवाल्याला आधीच सांगून ठेवा की वीज परत येण्याआधी मास्टर फेडर खाली असला पाहिजे.