क्रूझवर नेट हवंय? मग बोटीत चढण्याआधी हे उरकून घ्या

क्रूझचं बुकिंग झालं की मला लोकांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न, जैन जेवण मिळेल का. दुसरा, बोटीवर नेट असतं का. मी टूर मॅनेजर आहे. सिंगापूर-पेनांग-फुकेत, भूमध्य समुद्र, अलास्का अशा फेऱ्यांवर ग्रुप घेऊन जाते. माझ्याबरोबरची निम्म्याहून जास्त माणसं साठीच्या पुढची असतात आणि नातवंडांना व्हिडिओ कॉल केल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. तेव्हा या विषयावर रोज बडबड करून जे पाठ झालंय, ते इथे लिहिते.

तर हो, नेट असतं, आणि आता बऱ्यापैकी चांगलं असतं. पूर्वी ते 35,786 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून यायचं. बोटीच्या सगळ्यात वरच्या डेकवर पांढरे मोठे घुमट दिसतात ना, त्यांच्या आत त्या उपग्रहांकडे तोंड धरून ठेवणाऱ्या डिश असतात. बोट कितीही डोलली तरी आतली यंत्रणा डिशचं तोंड उपग्रहावरून हलू देत नाही. पण अंतरच एवढं, की तुमचा ‘हॅलो’ वर जाऊन खाली येईपर्यंत आणि समोरच्याचा ‘हां, बोल’ त्याच वाटेने परत येईपर्यंत अर्धा सेकंद हमखास जायचा. दोघं एकदम बोलायचे, दोघं एकदम गप्प बसायचे. आता स्टारलिंक ही उपग्रहांवरून नेट देणारी नवी सेवा आली आहे. तिचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा खोळंबा जवळपास गेला. रॉयल कॅरिबियनने 2022 मध्ये आपल्या सगळ्या बोटींवर स्टारलिंक बसवणार असं जाहीर केलं आणि मागोमाग बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही तीच वाट धरली. तरी बुकिंग करताना एजंटला विचारून घ्या. जुन्या आणि छोट्या बोटींवर अजून मिनिटांवर किंवा एमबीवर पैसे घेणारी पॅकेजेस सापडतात.

एअरप्लेन मोड, आणि तो कशासाठी

बोट सुटायच्या आधी मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि मग फक्त वायफाय चालू करायचं. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. ग्रुपमध्ये यावर हुज्जत मात्र ठरलेली.

“ताई, माझा थायलंडचा पॅक आहे. मुलाने रिचार्ज करून दिलाय. मला कशाला एअरप्लेन?”

“काका, पॅक थायलंडचा आहे, समुद्राचा नाही.”

मोठ्या बोटींवर स्वतःचं छोटं मोबाइल नेटवर्क असतं. ते ना थायलंडचं, ना सिंगापूरचं. फोनच्या पट्टीवर कधी ‘सेल्युलर ॲट सी’ असं नाव दिसतं, कधी नुसता 901-18 असा आकडा. यातला 901 हा कुठल्याच देशाचा कोड नाही, तो आंतरराष्ट्रीय नेटवर्कांना दिलेला आहे. म्हणून तुमचा देशांचा रोमिंग पॅक त्याला लागू होईलच असं नाही. कंपनीच्या यादीत क्रूझचं नेटवर्क स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर लागू होत नाही असंच धरून चाला. फोन बिचारा रेंज शोधत असतो, हे नेटवर्क दिसलं की चिकटतो, आणि खिशातल्या खिशात ॲप अपडेट होऊ लागतात. प्रीपेडवाल्यांचा बॅलन्स साफ होतो. पोस्टपेडवाल्यांचं घरी गेल्यावर कळतं. वरच्या त्या काकांचं बिल पाच आकडी आलं होतं.

किनारा जवळ आला की बोटीचं हे नेटवर्क बंद होतं आणि बंदराची रेंज येते. तेव्हा खुशाल एअरप्लेन मोड काढा, तुमचा पॅक किंवा ई-सिम (कार्ड न घालता नेटवरून फोनमध्ये उतरवायचं सिम) वापरा. संध्याकाळी बोटीवर परतताना मात्र आठवणीने परत लावा. माझ्या अनुभवात घोटाळा पहिल्या दिवशी होतच नाही, बंदरावरून परतताना होतो. हातात खरेदीच्या पिशव्या असतात आणि फोन कुणाच्या लक्षात राहतो?

मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझवरही हेच. किनारा दूर गेला की आपली नेहमीची रेंज जाते. इथे रोमिंग कुठलं लागणार, आपण तर भारतातच आहोत, हा समज डोक्यातून काढा.

किती पॅकेज घ्यायची

एका फोनच्या अमर्याद पॅकेजला कंपनी आणि बोटीप्रमाणे दिवसाला साधारण 15 ते 30 डॉलर पडतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने चार घेतली तर नेटच्या पैशात बंदरावरची एखादी सहल निघाली असती. मी तर सरळ सांगते, एका केबिनला एक पॅकेज पुरे. एका फोनचं पॅकेज म्हणजे एका वेळी एक फोन, असाच त्याचा अर्थ बहुतेक बोटींवर असतो. काकांनी लॉग-आउट केलं की काकूंनी त्याच खात्याने लॉग-इन करायचं. दुपारी तुम्ही, जेवणानंतर ते. आधीच्या फोनवरून लॉग-आउट करायचं राहिलं तर पोर्टल, म्हणजे वायफायचं लॉग-इनचं पान, विचारतं, जुनं उपकरण तोडू का; ‘हो’ म्हणायचं.

दुसरं असं, की पॅकेज घरी बसूनच घ्या. कंपनीच्या साइटवर किंवा ॲपमध्ये प्रवासाआधी घेतलं तर बऱ्याच कंपन्यांत स्वस्त पडतं, आणि पहिल्या दिवशी काउंटरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. ज्यांना फक्त एखाद्या दिवशी नेट हवं असतं, त्यांच्यासाठी 24 तासांचा पासही बऱ्याच ठिकाणी मिळतो.

स्वस्तातलं ‘सोशल’ पॅकेज काही कंपन्या देतात. नाव वाचून लोक खूश होतात. पण त्यात व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात आणि कॉल चालत नाहीत, असं होऊ शकतं. ऑफिसचं व्हीपीएनही (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) अशा पॅकेजवर बहुधा अडवलेलं असतं. घ्यायच्या आधी बारीक अक्षरं वाचा: व्हॉइस कॉल आहे का, व्हिडिओ कॉल आहे का. नातवाचा चेहरा बघायचा असेल तर वरचं पॅकेज घ्या. दहा डॉलर वाचवून रोज चडफडण्यात अर्थ नाही.

आणि मुळीच पॅकेज घेतलं नाही तर? बोटीच्या वायफायवर कंपनीचं स्वतःचं ॲप फुकट चालतं. आजचे कार्यक्रम, जेवणाचं बुकिंग, तुमचं बिल, सगळं त्यात दिसतं. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये बोटीवरच्या बोटीवर चॅट करता येतं, कुठे फुकट, कुठे थोडे पैसे देऊन. नवरा कॅसिनोत आणि बायको थिएटरमध्ये असेल तर एवढ्यावर भागतं. फक्त ते ॲप घरीच उतरवून, लॉग-इन करून ठेवा.

घरून निघण्याआधी

इथे जरा वेळ घालवा.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडा. मीडिया ऑटो-डाउनलोडमध्ये ‘वायफायवर असताना’ या ओळीतलं सगळं काढून टाका. लोक मोबाइल डेटाची ओळ बंद करतात आणि ही तशीच सोडतात. बोटीवर तुम्ही असता वायफायवर, त्यामुळे फोनला वाटतं घरचंच फुकट नेट आहे. मग सकाळी सहा ग्रुपांवरची गुलाबाची फुलं, सूर्योदय आणि ‘शुभ सकाळ’ एकदम उतरायला लागतात आणि तुमचा कॉल अडकतो. गूगल फोटोजचा बॅकअपही याच कारणासाठी थांबवा. बोटीवर वायफाय जोडल्यावर आयफोनमध्ये त्या नेटवर्कला ‘लो डेटा मोड’ लावा, अँड्रॉइडमध्ये ते ‘मीटर्ड’ (मोजून मिळणारं नेट) करा. म्हणजे फोन स्वतःहून उधळपट्टी करणार नाही.

दुसरं काम बँकेचं. एअरप्लेन मोडवर एसएमएस येत नाही, म्हणजे ओटीपी येत नाही. एफडी मोडायची, विमा भरायचा, सोसायटीचा मेंटेनन्स पाठवायचा, ते सगळं आधी उरका. फोन बदलायचा असेल तर आल्यावर बदला, कारण नव्या फोनवर व्हॉट्सॲप चालू करायलाही नंबरची खात्री करावी लागते. ई-सिम घेतलं असेल तर ते घरच्या वायफायवरच फोनमध्ये टाकून ठेवा. ई-सिम उतरवायलाच नेट लागतं.

सिंगापूरहून क्रूझ असेल तर आणखी एक. क्रूझ संपवून सिंगापूरला परत उतरताना एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरमध्ये शिरताना लागणारा ऑनलाइन फॉर्म, पुन्हा भरावं लागतं, आणि ते येण्याच्या 3 दिवस आधीपासूनच भरता येतं. छोट्या फेरीला बोटीत चढायच्या दिवशीच मुदत उघडलेली असते का ते बघा. नसेल तर पेनांगला किंवा फुकेतला उतरल्यावर तिथल्या रेंजवर भरा. हे कार्ड सिंगापूर इमिग्रेशनच्या साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

तिकिटं, व्हिसा, विमा पीडीएफ करून फोनमध्ये आणि बंदरांचे गूगल नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. याबद्दल जास्त काही सांगायला नको.

बोटीवर

केबिनमध्ये गेल्यावर वायफायच्या यादीत बोटीचं नाव दिसेल. ते जोडलं की लॉग-इनचं पान आपोआप उघडायला हवं. नाही उघडलं तर कंपनीच्या ॲपमधून प्रयत्न करा, व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. काल पैसे भरले आणि आज परत पॅकेज घ्या म्हणतंय, अशी तक्रार रोज कुणीतरी आणतं. याचं एक कारण आजकालच्या फोनमध्येच आहे. फोन आपला खरा वायफाय पत्ता लपवून मधूनमधून नवा देतो, आणि पोर्टलला वाटतं की हा फोन कुणा दुसऱ्याचा. आयफोनमध्ये त्या नेटवर्कच्या बाजूच्या ‘आय’वर दाबून ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद किंवा ‘फिक्स्ड’ करा. अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या प्रायव्हसीत जाऊन ‘डिव्हाइस मॅक’, म्हणजे फोनचा खरा पत्ता, निवडा. मग पुन्हा लॉग-इन.

केबिनच्या भिंती पोलादी असतात आणि जुन्या बोटींवर वायफायची यंत्रं बाहेरच्या पॅसेजमध्ये, छताला लावलेली असतात. त्यामुळे बाल्कनीत समुद्र छान दिसतो आणि कॉल तुटतो. दाराजवळ या, जमलं तर दार अर्धं उघडा. आमच्या एक काकू रोज रात्री दार पायाने अडवून, गाउनवर शाल घेऊन पॅसेजकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि पुण्यातल्या सुनेला कुकरच्या किती शिट्ट्या घ्यायच्या ते सांगायच्या. आवाज खणखणीत जायचा, फक्त नेटवर नाही, अख्ख्या डेकवर.

वेळही बघा. बोट दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी दुपारी सगळे नेटवर तुटून पडतात. पहाटे किंवा लोक रात्रीच्या शोला गेलेले असताना चांगलं चालतं. अलास्काला तर हे घरच्या वेळेशी छान जुळतं. उन्हाळ्यात तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात, नातू शाळेत निघायच्या आत. आणि एअरप्लेन मोडवर फोनच्या घड्याळाचा भरवसा धरू नका. केबिनमधल्या टीव्हीवर किंवा ॲपमध्ये बोटीची वेळ दिसते, तीच खरी.

अलास्काच्या किंवा नॉर्वेच्या चिंचोळ्या खाड्यांमध्ये नेट मधेच गेलं तर काउंटरवर भांडू नका. जुन्या पद्धतीचे ते उंचावरचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतात. तसा उपग्रह तिथून क्षितिजाला टेकलेला दिसतो, डोंगर आडवा आला की संपलं. स्टारलिंकला हा त्रास कमी आहे, पण आकाश उघडं त्यालाही लागतं. काही देशांच्या हद्दीत तिथल्या परवान्याचेही नियम असतात, त्यामुळे बंदर जवळ येताना वेग बदलू शकतो.

ज्यांना पॅकेज घ्यायचंच नाही त्यांनी बंदरं वापरावीत. अलास्कातल्या जूनोला धक्क्याजवळच पार्किंगच्या इमारतीच्या वर सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे वायफाय मिळतं, खिडकीतून सगळी खाडी दिसते, आणि बोटींवरचे कर्मचारी फोन घेऊन बसलेले असतात. दुबईहून क्रूझ असेल तर मात्र किनाऱ्यावरच्या नेटवर व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, मेसेज जातात.

सामानात राउटर नेऊ नका, बऱ्याच कंपन्या तो चेक-इनलाच काढून घेतात. स्टारलिंकची छोटी डिशही चालत नाही. आणि कुणी हौसेने सॅटेलाइट फोन घेतला असेल तर तो परवानगीशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे, हे ध्यानात असू द्या.

शेवटच्या रात्री ॲपमध्ये बिल उघडून वायफायची ओळ शोधा. घरून एकदा भरलेलं आणि बोटीवर चुकून दुसऱ्यांदा घेतलेलं, अशा दोन नोंदी दिसल्या तर रात्रीच काउंटरवर जा. सकाळी तिथे लांबलचक रांग असते आणि आपली बस खाली उभी असते.