खासबागेत झांगीफ विरुद्ध किंग: क्रॉसओव्हर फॅनआर्ट करायची माझी पद्धत

क्रॉसओव्हर फॅनआर्ट म्हणजे दोन वेगळ्या गेममधली पात्रं चाहत्यानं एका चित्रात आणणं. नुसतं आणणं सोपं आहे. दोन पीएनजी (चित्राच्या फाइल) उचलल्या, शेजारी ठेवल्या, मागं ज्वाळा टाकल्या की झालं. पण ती दोघं एकाच मातीवर, एकाच उन्हात उभी आहेत असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आणि सगळी मेहनत तिथंच आहे. मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका प्रेसमध्ये दिवसभर वाढदिवसाचे फलक आणि लग्नपत्रिका करते, रात्री क्रिटा हे सॉफ्टवेअर उघडून हे काम. क्रिटा फुकट आहे आणि चित्र काढण्यासाठीच बनलंय, म्हणून तेच धरून सांगते. फोटोशॉप किंवा गिंपमध्येही यातलं बहुतेक सगळं होतं.

आधी जोडी ठरवा. दोघांना एकत्र आणायला कारण लागतं. मी घेतलेत स्ट्रीट फायटर २ मधला झांगीफ (१९९१) आणि टेकनमधला किंग, जो १९९४ च्या पहिल्या भागापासून आहे. दोघेही कुस्तीगीर, दोघांचा भर पकडीवर आणि उचलून आपटण्यावर. ते २०१२ च्या स्ट्रीट फायटर एक्स टेकनमध्ये भेटलेले आहेतच. मग माझ्या चित्रात नवीन काय? जागा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं कोल्हापुरातलं कुस्तीचं खासबाग मैदान. या दोघांना जगात कुठं नेऊन भिडवायचं असेल तर ते इथंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दहा-बारा पात्रांची रांग लावू नका. दोनच घ्या आणि त्यांना काहीतरी करायला द्या.

माझ्या चित्रात त्यांची खडाखडी चाललीय. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर, डोकी भिडलेली, पाय मागं रोवलेले. डाव लागायच्या आधीचा हा क्षण चित्राला फार चांगला, कारण दोन्ही चेहरे दिसतात आणि पुढं काय होणार ते बघणाऱ्याच्या मनात सुरू होतं. पोझ गेममधून उचलू नका. माझे दोन मामेभाऊ गच्चीवर एकमेकांना भिडले, मी एका बाजूनं दिवा लावून फोटो काढले आणि त्यावरून कच्ची रेखाटनं केली. रेखाटन झालं की दोन्ही आकृत्या काळ्या रंगानं भरून बघा. नुसत्या सावलीवरूनही कोण कोण ते कळत नसेल तर पोझ बदला.

पात्राचं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे पुढचं. झांगीफची ओळख म्हणजे डोक्यावरचा केसांचा पट्टा, दाढी, अंगावरचे व्रण आणि लाल चड्डी. किंगची ओळख जॅग्वारचा मुखवटा. बूट मात्र मी दोघांचेही काढले. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या मातीत बूट घालून कोणी उतरत नाही, आणि पाहुणे आले तरी आखाड्याचा नियम तोच. बूट गेल्यावर ते दोघं इथलेच वाटायला लागले.

आता कॅनव्हास. ए३ छापायचं असेल तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला ३०० ठिपके). मोठ्या फ्लेक्सला ७२ ते १०० डीपीआयसुद्धा पुरतं, कारण तो लांबून बघतात. छापायचं असेल तर स्क्रीनवरच्या झगझगीत निळ्या-हिरव्यावर भिस्त ठेवू नका, शाईत ते मळकट उतरतात.

क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची रेषा, सगळ्यात आधी आखा. मी हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या जागेच्या) काठावर मातीतच बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघते, म्हणजे ही रेषा उभ्या पैलवानाच्या मांडीच्या आसपास येते. सपाट जमिनीवर जवळचा असो की लांबचा, प्रत्येकाला ती जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर कापते. झांगीफ सात फुटी, किंग त्याच्याहून थोडा कमी. हे गणित जुळलं की कोणी हवेत तरंगत नाही.

मग दोघांनाही नव्यानं, एकाच ब्रशनं काढा. झांगीफ मूळचा पिक्सेलमधला, किंग पॉलिगॉनमधला, म्हणजे थ्रीडी. एकाला जाड काळी रेषा आणि दुसऱ्याला थ्रीडी चकाकी ठेवली तर ते कधीच एका चित्रात राहणार नाहीत. क्रिटात ब्रशचा स्टॅबिलायझर चालू ठेवला की हात थरथरत नाही. सांध्यांवर आणि सावलीच्या बाजूला रेषा जाड, उन्हाच्या बाजूला बारीक.

प्रत्येक पात्राच्या लेयरचा, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांचा, वेगळा ग्रुप करा. तळाशी सपाट रंग, त्यावर सावलीचा लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये (यात खालचा रंग गडद होतो), आणि त्याचं ‘इनहेरिट अल्फा’ चालू, म्हणजे रंग आकृतीबाहेर सांडत नाही. फोटोशॉपमध्ये याला क्लिपिंग मास्क. सावलीला काळा वापरू नका, मळकट जांभळा घ्या.

आता लाल माती. संध्याकाळचं तिरपं ऊन मातीवर पडतं आणि तिथून तांबूस उजेड वर उडतो. तो हनुवटीखाली, छातीच्या खालच्या बाजूला, दंडाच्या आतल्या अंगाला लागतो. हा तांबूस उजेड दोघांवरही सारख्याच रंगानं द्या. माझ्या मते क्रॉसओव्हर चित्रातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पाऊल आहे. दोन वेगळ्या कंपन्यांची पात्रं इथं एका हवेत येतात. मग पाठीवर, गुडघ्यावर, कोपरावर चिकटलेली माती. तळपायाखाली, जिथं पाय टेकतो तिथंच, एक अरुंद गडद सावली. आणि सगळ्यांच्या वरच्या लेयरवर, घोट्यांसमोरून, थोडी उडालेली माती.

एक अडचण येतेच. लाल चड्डी आणि लाल माती एकमेकांत मिसळतात. मातीला तपकिरी-नारिंगीकडं न्या, तिचा भडकपणा कमी करा, चड्डी गडद ठेवा. तपासायला सगळ्यात वर काळ्या रंगाचा लेयर टाकून त्याचा मोड ‘कलर’ करा, चित्र करड्या रंगात दिसेल. त्यात चड्डी वेगळी दिसली तर काम जमलं.

मागची गर्दी मी चेहरे न काढता ठिपक्यांनी केलीय, मधे चार-दोन फेटे आणि एक हलगीवाला. तेवढं पुरे.

अक्षरांसाठी गेमचे लोगो उचलू नका. आपल्याकडं कुस्तीच्या पोस्टरवर दोन मल्ल समोरासमोर आणि मधे ‘विरुद्ध’ असतं, तीच मांडणी घ्या. अक्षरं हातानंच काढा. याच गावात बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरं रंगवत होते, तेव्हा हाताच्या अक्षराला इथं मान आहे. फॉन्टच हवा असेल तर इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट बसतात. जुन्या फोटोशॉपमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा, नाहीतर पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते.

ही पात्रं कॅपकॉम आणि बांडाई नामकोची आहेत. चित्राखाली दोन्ही गेमची नावं आणि ‘फॅनआर्ट’ असं स्पष्ट लिहा, प्रिंट विकू नका, टी-शर्टची ऑर्डर आली तरी नाही म्हणा. दुसऱ्या कुणाचं फॅनआर्ट कापून तर अजिबात वापरू नका. त्याच्याही रात्री त्यात गेलेल्या असतात. सही कोपऱ्यात लहान करा, लेयरसकट केआरए फाइल (क्रिटाची मूळ फाइल) जपून ठेवा आणि नेटवर टाकायला वेगळी पीएनजी काढा.