संगणकावर एकत्र काम करणारी मुले-मुली : नव्या निरीक्षकांसाठी

एम.एड.च्या प्रबंधासाठी किंवा पीएच.डी.साठी हा विषय घेतलेल्यांना नमुना निवड, मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती यांविषयी वेगळे सांगायची गरज नाही. मला सांगायचे आहे ते निरीक्षण तक्त्यातल्या एकाच रकान्याविषयी, कारण माझ्या कामाचा मोठा काळ त्यानेच खाल्ला.

तो रकाना म्हणजे ‘माउस कोणाकडे’. तो भरायला सोपा असतो, दोन निरीक्षकांच्या नोंदी सहज जुळतात, टक्केवारी निघते आणि मार्गदर्शकांचेही समाधान होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका संगणकापुढे अनेकदा तीन-चार जण बसतात. मी पाहिलेल्या मिश्र गटांत माउस बहुधा मुलाकडे जाई आणि तक्त्यावरून मुली निष्क्रिय ठरत. त्याच वेळचे ध्वनिमुद्रण ऐकले, की सूचना मोठ्याने वाचणारी, ‘तिथे नको, वरच्यावर दाब’ असे सांगणारी आणि चूक सर्वांआधी ओळखणारी मुलगीच असल्याचे पुष्कळदा कळे. याच्या उलटही घडते : माउस मुलीच्या हाती असतो, पण ती शेजाऱ्याने पडद्यावर बोट ठेवलेल्या जागी निमूटपणे क्लिक करत असते. म्हणून सूचना कोणी मांडली, ती स्वीकारली गेली का आणि नाकारताना कारण दिले गेले का, हे तीन रकाने आखल्याशिवाय वर्गात पाऊल टाकू नका. वर्गातील बोलण्याचा अभ्यास करणारे ब्रिटिश संशोधक नील मर्सर यांनी मुलांच्या संवादाचे वादाचा, दुजोऱ्याचा आणि कारणे तपासणारा असे जे तीन प्रकार सांगितले, ते हातांच्या हालचाली मोजून कधीच सापडणार नाहीत.

दुसरी घाई जोड्यांच्या बाबतीत होते. जेफ्री व जीन अंडरवुड आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये इंग्लंडमधील शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकावर गाळलेली अक्षरे भरण्याच्या त्या कामात मुलामुलांच्या आणि मुलीमुलींच्या जोड्यांना एकत्र बसण्याचा फायदा झाला, मिश्र जोड्यांना मात्र झाला नाही. हा निष्कर्ष उचलून आपल्या प्रबंधात चिकटवू नका. जिथे मुले आणि मुली वर्षानुवर्षे वेगळ्या रांगांत बसतात, तिथे अचानक जोडी लावली, तर आपण नोंदवतो ते इतरांच्या चिडवण्याच्या भीतीने आलेले मौन असते. अशा जोड्यांना काही तासिका नोंदींविना एकत्र बसू द्या.

कामाचा विषयही निकाल बदलतो. कॅरन लिटलटन, पॉल लाइट आणि सहकाऱ्यांनी एकच कोडे, रचना तशीच ठेवून, एकदा समुद्री चाच्यांच्या आणि एकदा अस्वलांच्या कथेत गुंफले. अस्वलांच्या कथेत मुलींची कामगिरी लक्षणीय सुधारली. मुलांच्या कामगिरीत तसा मोठा फरक पडला नाही. ‘मुली संगणकात मागे’ असे लिहिण्यापूर्वी आपण त्यांच्यापुढे नेमके काय ठेवले होते, हे पाहणे म्हणूनच अनिवार्य आहे.

‘संगणक आवडतो का’ अशी प्रश्नावली वाटून मोकळे होण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच, आणि तो बहुधा संगणक कक्षात एकही तासिका न बसलेल्या व्यक्तीकडून मिळेल. तो मानू नका. ध्वनिमुद्रणाचे लेखनही पैसे देऊन करून घेऊ नका, कारण कोणाचे वाक्य अर्ध्यात तोडले गेले, हे दुसऱ्याच्या लिखाणात उरत नाही. हे काम कंटाळवाणे आहे आणि पंख्याच्या आवाजात निम्मे शब्द बुडतात, हे खरे. परंतु घाबरण्याचे कारण नाही. ध्वनिमुद्रक संगणकाच्या पडद्याजवळ ठेवला तर बरेच ऐकू येते, आणि थोड्याच गटांचे बारकाईने केलेले लेखन प्रबंधाला पुरेसा आधार देते.

मुलांची आणि मुलींची सरासरी काढण्याआधी एकाच मुलीची दोन निरनिराळ्या जोड्यांतली नोंद शेजारी ठेवून वाचा. मैत्रिणीबरोबर कारणे देत भांडणारी मुलगी अनोळखी मुलाशेजारी केवळ ‘हो’ म्हणत असेल, तर तो फरक सरासरीत विरघळू देऊ नका; त्याला प्रबंधात स्वतंत्र प्रकरण द्या.