यंत्र दाद देत नसेल तेव्हा माणूस कसा गाठावा

बँकेच्या काउंटरवर तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो. तेव्हापासून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आठवड्यातून दोन-तीन जण तरी हातात मोबाइल आणि पासबुक घेऊन येतात. प्रत्येकाचे दुखणे वेगळे असले, तरी बोलण्याची सुरुवात एकाच वाक्याने होते : ‘कुणी माणूसच बोलायला मिळत नाही.’ गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मावशी आल्या. एटीएममधून पाच हजार काढायला गेल्या होत्या. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश आला, नोटा मात्र बाहेर आल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा फोन लावला आणि पलीकडच्या यांत्रिक आवाजाला सांगितले, ‘पैसं गेल्यात, पण हातात आलं न्हाईत.’ ‘क्षमस्व, मला समजले नाही,’ असे उत्तर तीन वेळा आले आणि फोन बंद झाला. कोल्हापुरातल्या कोणत्याही कारकुनाला जे वाक्य अर्ध्यावरच समजले असते, ते तिसऱ्या खेपेला सांगताना सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईंचा आवाज कापायला लागला होता. हे टिपण त्यांच्यासारख्यांसाठी आणि त्यांच्या घरातल्या मुला-नातवंडांसाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट समजून घ्यावी ती ही, की फोनवरच्या किंवा अ‍ॅपमधल्या यांत्रिक मदतनिसाकडे माहिती असते, अधिकार नसतो. तुमच्या बोलण्यातले शब्द पकडून तो ते ठरावीक विषयांच्या कप्प्यांपैकी एखाद्यात बसवतो आणि त्या कप्प्यासाठी तयार ठेवलेले उत्तर देतो. बोलणे कोणत्याच कप्प्यात बसले नाही, की पुन्हा पहिल्या प्रश्नावर आणून सोडतो. आपोआप उलटणारे व्यवहार सोडले, तर खात्यातली चुकलेली नोंद दुरुस्त करणे हे बँकेत एकट्या माणसाचेही काम नसते. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून ती मंजूर करायची, हा तिथला शिरस्ता आहे. म्हणून यंत्राला पटवून देण्यात वेळ आणि रक्त आटवू नये. त्याच्याकडून फक्त एक गोष्ट काढून घ्यावी, ती म्हणजे तक्रार क्रमांक. तो क्रमांक आणि त्याची तारीख हाती आली, की तक्रारीला उत्तर देण्याची नियमांनी घालून दिलेली मुदत सुरू होते, आणि मुदत संपल्यावर कुणा ना कुणा माणसाला उत्तर द्यावेच लागते.

हा क्रमांक मिळवताना बोलणे छापील मराठीत आणि अगदी तोकडे ठेवावे. झालेली सगळी हकिकत यंत्राला सांगू नये. ‘एटीएम व्यवहार अयशस्वी’, ‘तक्रार नोंदवा’ एवढेच शब्द पुरतात. आपली बोली आपल्या जिभेवर असावी आणि राहावी असे मला मनापासून वाटते, पण यंत्रे बहुतेक प्रमाण भाषेवर घडवलेली असतात आणि अडल्या वेळी ते ध्यानात ठेवलेले बरे. बोलून जमत नसेल, तर अ‍ॅपमध्ये तोच व्यवहार उघडून त्याखालच्या तक्रारीच्या पर्यायावर बोट ठेवावे. यूपीआयचा व्यवहार असेल, तर तिथे दिसणारा बारा आकडी व्यवहार क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. एटीएमची चिठ्ठी आली असेल तर ती फेकू नये, आणि नसेल आली तर यंत्रावर लिहिलेला त्याचा क्रमांक, जागा आणि घड्याळातली वेळ तिथेच उभे राहून टिपून घ्यावी.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. माणूस मिळत नाही म्हणून वैतागून लोक बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधतात आणि पहिला दिसेल तो फिरवतात. तिकडे मात्र माणूस चटकन मिळतो, गोडही बोलतो, कारण तो चोर असतो. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागच्या बाजूचाच घ्यावा. ओटीपी सांगून बसलेच असाल, तर लाजत न बसता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करावा आणि लगोलग बँकेलाही कळवावे.

आता मुदतीकडे वळू. रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे एक परिपत्रक आहे, आणि माझ्या मते ते प्रत्येक घरात पासबुकासोबत ठेवण्याच्या लायकीचे आहे. एटीएममधून रोकड न येता रक्कम वजा झाली, तर व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा झाली पाहिजे. यूपीआयने एखाद्या माणसाला पाठवलेली रक्कम त्याच्या खात्यात न पोहोचता तुमच्या खात्यातून गेली, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला दिलेले पैसे अडकले, तर पाच दिवसांत. मुदत उलटली, की पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते, आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न बघता बँकेने आपणहून द्यायची असते. ही शेवटची ओळ फार थोड्या ग्राहकांना माहीत असते.

बँकेला हे तपासणे अवघड नसते. एटीएमच्या आत प्रत्येक व्यवहाराची नोंद उमटते. नोटा मोजून बाहेर पडल्या की आतच अडकल्या, हे त्या नोंदीत दिसते. शिवाय अडकलेल्या नोटा आतल्या वेगळ्या कप्प्यात पडतात आणि यंत्रातली रोकड मोजली जाते तेव्हा तेवढी रक्कम हिशेबापेक्षा जास्त भरते. यंत्र दुसऱ्या बँकेचे असले, तरी तक्रार करायची ती ज्या बँकेचे कार्ड आहे तिच्याकडेच. ‘ते मशीन आमचे नाही’ असे म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर ते ऐकून माघारी फिरू नये.

पाच दिवस थांबूनही पैसे आले नाहीत, म्हणजे शाखेत जाण्याची वेळ झाली. जाताना तोंडी तक्रार घेऊन जाऊ नये, अर्ज न्यावा, तोही दोन प्रतींत. मावशींसाठी मी लिहून दिला तो, वरचे खाते, यंत्र आणि तक्रारीचे क्रमांक वगळता, असा होता :

‘मा. शाखाधिकारी यांस. विषय : एटीएममधून रोकड न मिळता खात्यातून वजा झालेल्या ५,००० रुपयांबाबत. महोदय, दि. ३ रोजी सकाळी १०.४० वाजता वर नमूद केलेल्या यंत्रातून ५,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला असता रोकड मिळाली नाही, परंतु रक्कम खात्यातून वजा झाली. त्याच दिवशी तक्रार नोंदविली असून तिचा क्रमांक वर दिला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम पाच दिवसांत परत जमा होणे आवश्यक होते. ती अद्याप जमा झालेली नाही. तरी मूळ रक्कम आणि विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपयांप्रमाणे भरपाई खात्यात जमा करावी, त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे आणि या अर्जाची पोच द्यावी, ही विनंती.’

अर्ज मराठीत चालतो का, असे मला हमखास विचारले जाते. चालतो. ग्राहकांसाठीचे छापील अर्ज आणि स्लिपा इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तीन भाषांत ठेवण्याचे बंधन बँकांवर आहे, तेव्हा मराठी अर्ज नाकारण्याचे कारणच उरत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. ‘ऑनलाइन करा, इथे घेत नाही’ असे कुणी म्हणाले, तर शांतपणे शाखेची तक्रार वही मागावी. ती प्रत्येक शाखेत असणे बंधनकारक आहे. तेही जमले नाही, तर अर्ज टपालाने पोच मागवून पाठवावा. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट आणि त्याची पोच असे सांगावे.

मावशींचे पैसे १९ तारखेला जमा झाले, पण भरपाई झाली नव्हती. मुदत ८ तारखेला संपली होती, म्हणजे उशीर अकरा दिवसांचा, म्हणजे १,१०० रुपये. त्यासाठी दुसरा अर्ज द्यावा लागला. ‘मिळाले ना पैसे, आता राहू द्या,’ असे घरचे म्हणत होते. मी म्हटले, त्या पाच हजारांत तुमचे औषधपाणी आणि वीजबिल होते, ते अकरा दिवस कुणाच्या जिवावर चालले? अर्ज गेला आणि रक्कम आली.

तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी ही एकच व्यवस्था आहे. खर्च काही येत नाही, वकीलही लागत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. इथे तुमची सगळी भिस्त त्या शिक्का मारलेल्या प्रतीवर असते, कारण आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल तक्रार विचारात घेत नाहीत. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, म्हणून हेही सांगतो : पतसंस्था या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्याबाबतची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करायची.

मोबाइल कंपनीच्या बाबतीत एक नियम उपयोगी पडतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार ध्वनिमुद्रित आवाजाच्या पहिल्या पायरीवर भाषा, दुसऱ्या पायरीवर तक्रारीचे विषय आणि तिसऱ्या पायरीवर माणसाशी बोलण्याचा पर्याय असावा लागतो. तेव्हा दुसऱ्याच पायरीवर फोन आपटू नये. तिथेही तक्रार क्रमांक घ्यावा आणि निराकरण झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. ऑनलाइन खरेदीत अ‍ॅपमधला मदतनीस गोल गोल फिरवत असेल, तर संकेतस्थळावरचे तक्रार अधिकाऱ्याचे नाव शोधून थेट त्याला लिहावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यायचा असतो. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त टोचते ती रेशन दुकानातली अडचण, कारण तिथे प्रश्न ताटातल्या धान्याचा असतो. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत वाळूचे साचे भरण्यात ज्याची हयात गेली, चप्पल शिवताना चामडे आणि आरी ज्याच्या बोटांनी रोज झेलली, किंवा दर हंगामात ज्या बाईने उसाच्या फडात मोळ्या बांधल्या, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. ठशाचे यंत्र त्या रेषांच्या उंच-सखलपणावरच चालते. मग ‘अंगठा उठत नाही’ असे सांगून त्याच कष्टाच्या हातांना रिकाम्या पिशवीनिशी घरी पाठवले जाते.

अशा वेळी आधी साधे उपाय करून पाहावेत. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. कातडी फारच रुक्ष असेल, तर थोडे तेल चोळून पुसून घ्यावे. यंत्राची काच मऊ फडक्याने पुसायला सांगावे. अंगठ्यावरच अडून न राहता दहाही बोटे लावून पाहावीत, कारण करंगळी आणि अनामिका त्या मानाने कमी झिजलेल्या असतात. तरीही जमले नाही, तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी किंवा डोळ्याच्या बुबुळाची तपासणी, यांपैकी तिथे जे असेल ते मागावे. यातले काहीच चालले नाही, तरी धान्य नाकारता येत नाही. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, ओळख पटवण्याचे तंत्र अपयशी ठरल्यास अपवाद म्हणून वेगळ्या नोंदवहीत नोंद करून लाभ द्यावा. दुकानदार ऐकत नसेल, तर त्याच्याशी हुज्जत न घालता दिवस आणि वेळ लिहून १९६७ या रेशनच्या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा. सवडीने आधार केंद्रात जाऊन ठसे आणि बुबुळे नव्याने नोंदवावीत. केंद्राची माहिती आधारच्या १९४७ या क्रमांकावर मिळते. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बोटाचा ठसा नडत असेल, तर २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही तो देता येतो. नातवाला शेजारी बसवले, की पाच-दहा मिनिटांत काम होते.

घरात सत्तरीपुढचे कुणी असेल, तर आणखी एक अर्ज आजच करून ठेवावा. ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे की, ज्येष्ठांना प्राधान्य देणारे काउंटर शाखेत ठळक दिसेल असे असावे आणि सत्तर वर्षांवरील, तसेच आजारी किंवा अपंग ग्राहकांना रोकड देणे-घेणे, चेकबुक पोहोचवणे यांसारख्या सेवा घरी देण्याचा प्रयत्न व्हावा. या सेवेसाठी आपणहून विचारणारा शाखाधिकारी क्वचितच भेटतो. मागणी लेखी गेली, तर मात्र नोंद होते. मावशींचा हा अर्ज परवा आम्ही दोघांनी जाऊन दिला. काउंटरवरच्या मुलीने तो पूर्ण वाचला, ‘आजी, पत्ता तोच आहे न्हवं?’ असे विचारले, आणि शिक्का मारून प्रत परत दिली. ती आता मावशींच्या पासबुकात घडी घालून ठेवलेली आहे.