समुद्रतळ पुन्हा कसा वसला: प्रकल्प करताना या चुका टाळा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात महाविलोपाचा, म्हणजे असंख्य जाती थोड्या काळात नष्ट झाल्याचा अन् नंतर समुद्रतळ पुन्हा वसल्याचा तक्ता दरवर्षी कोणीतरी मांडतंच, आणि चुका ठरलेल्याच.

पहिली चूक वावरातल्या दगडाची. विहीर खोदताना आपल्याकडे लाव्हाच्या दोन थरांमधून गारगोटीसारखा कठीण दगड निघतो, त्यात शंखच शंख. एका पोट्ट्यानं वडिलांच्या गाडीवर असला धोंडा आणला, टेबलावर मांडला अन् पाटी लावली: ‘विदर्भाचा समुद्रतळ’. परीक्षकांनी भिंग काढून एवढंच विचारलं, “शंखाचं तोंड कोणत्या बाजूला आहे?” पोरगं गप्प. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डावीकडे आलं, तर तो बहुधा फायसा, म्हणजे गोड्या पाण्यातली गोगलगाय. इथं लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात तळी साचली होती, त्यातली ही वस्ती. समुद्री सूक्ष्मजीवांचे अवशेष सापडले ते तिकडं छिंदवाडा जिल्ह्यात, झिलमिलीला. तेही पाण्यात तरंगणाऱ्यांचे, तळावरच्यांचे नव्हेत. मी तर दगड ब्रशनं धुऊन शंख पाहिल्याशिवाय चिठ्ठी चिकटवूच देत नाही. ज्याला घाई आहे त्यानं थर्माकोलचा ज्वालामुखी करावा.

दुसरी चूक, दोन विलोपांची खिचडी. एक विलोप 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा: अशनी पडून मेक्सिकोत चिक्शुलूबचं विवर झालं. 2016 मध्ये तिथं समुद्राखाली भोक पाडून खडक काढला, तर त्यात तळाच्या चिखलात बिळं करणाऱ्या जीवांच्या खुणा निघाल्या. जीव काही वर्षांतच परतले होते, 30 हजार वर्षांत तिथला समुद्र भरभराटीला आला. 25.2 कोटी वर्षांपूर्वीच्या विलोपाचं प्रकरण वेगळं: पाणी तापलेलं, प्राणवायू आटलेला, आणि घडी नीट बसायला 50 लाख ते 1 कोटी वर्षं गेली. ‘किती वर्षांत सावरला?’ असं कोणी विचारलं, की आधी ‘कोणत्या विलोपानंतर?’ हे विचारा.

शिंपले दाट दिसले म्हणून ‘सावरला’ लिहू नका. त्या जुन्या विलोपानंतर क्लाराया नावाच्या शिंपल्यांचे थरच्या थर सापडतात, पण जाती मोजक्या. पडीत वावरात तरोटा माजला म्हणजे पीक आलं का राजेहो? मी जाती मोजायला लावतो, अन् बिळं किती खोल गेलीत तेही पाहायला लावतो. त्या काळातली बहुतेक बारीक आणि उथळ असतात.

त्याच विलोपाच्या तक्त्यावरचं ‘जुने प्रवाळ परत आले’ हे खोडा. नंतर आले ते वेगळ्या वंशाचे.

आणि समुद्रतळाच्या तक्त्यावरून तो डायनासोर आधी काढा.